डॉलरपुढे दोन शून्यं

आमचा चौघांचा एक जुना खेळ आहे. नवीन प्रोसेसर येणार अशी कुणकुण लागली की प्रत्येकाने शीटमध्ये आपापला आकडा टाकायचा, डॉलरमधला, आणि कंपनीने किंमत जाहीर केली की ज्याचा आकडा सगळ्यात लांब पडला त्याने मिसळ द्यायची. २०१९ पासून चाललंय हे. मी आत्तापर्यंत ज्या मिसळी दिल्यात त्यांच्या पैशात एखादा मदरबोर्ड आला असता असं बायको म्हणते. मदरबोर्ड नसता आला, पण रॅमची एक काडी नक्की आली असती, अर्थात जुन्या रेटने. नव्या रेटचं पुढे सांगतोच.

चौघं म्हणजे इंजिनिअरिंगपासूनचे. नावं टाकत नाही कारण तिघंही हे वाचतात आणि लगेच फोन करतात. एक वारज्याचा, एक पिंपरीचा, मी कोथरूडचा, आणि चौथा बिबवेवाडीकर, जो कायम जिंकतो. आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले, रात्रभर बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांचे, व्हिडिओ बघून आकडा काढणार. हा चाकणला एका कंपनीत कॉस्टिंगमध्ये आहे आणि त्याला एएमडीचे रायझन आणि इंटेलचे कोअर, या दोन कंपन्यांच्या प्रोसेसरमधला फरकही नीट सांगता येत नाही. तो फक्त एक प्रश्न विचारतो, "दुकानात आत्ता जुना माल किती आणि केवढ्याला पडून आहे?" बास. एवढ्यावर आकडा टाकतो आणि फुकट मिसळ खातो, वर एक्स्ट्रा तर्री पण मागतो.

पहिल्या वर्षी सोपं होतं. रायझन ५ ची साधी चिप २०१७ ला १६०० नावाने २१९ डॉलरला आलेली, २०१८ ला २६०० आली ती १९९ ला, म्हणजे ३६०० पण १९९ ला येणार हे शेंबडं पोरगंही सांगेल, आणि तसंच झालं. ७ जुलै २०१९. सात नॅनोमीटर तंत्राने बनवलेली चिप म्हणून सात सात तारीख धरली होती एएमडीने. मी दसऱ्याला घेतला, सतरा हजारांना शंभर कमी, पक्क्या बिलावर, सोबत बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम. झेंडूचा हार घातला होता कॅबिनेटला. आजही तोच पीसी चालू आहे, हार गेला.

मग आला ऑक्टोबर २०२०. लॉकडाऊनमुळे सगळे घरी, ८ तारखेला आपल्याकडे रात्री साडेनऊला त्यांचं लाइव्ह होतं, आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर. मी ५६००एक्सला २४९ टाकलेले, कारण ३६००एक्स २४९ ला होता आणि माझं म्हणणं असं की कंपनी कशाला वाढवेल, आत्ता कुठे लोक त्यांच्याकडे वळायला लागलेत. आकडा आला २९९. आणि फक्त त्याचाच नाही, सगळ्या रांगेत पन्नास पन्नास चढवलेले. ३९००एक्स ४९९ वरून ५९००एक्स ५४९, ३९५०एक्स ७४९ वरून ५९५०एक्स ७९९. आणि साधा ५६०० यादीतच नाही! तो यायला एप्रिल २०२२ उजाडलं, १९९ ला. म्हणजे ज्याला दोनशे डॉलरमध्ये नवीन सहा कोर (प्रोसेसरच्या आत काम करणारे भाग) हवेत त्याने दीड वर्ष गप बसायचं.

बिबवेवाडीकराने २९९ च टाकलेले. मी म्हणलं अरे कसं काय तुला कळलं, तर म्हणे, "तुम्हीच दोन महिने बोंबलताय ना की या वेळी गेमिंगमध्ये पण इंटेलला मागे टाकणार म्हणून. मग समोर कोणी नाही तर तो स्वस्तात कशाला देईल? धर्मशाळा आहे का?" त्या वेळी बाहेर मिसळ बंदच होती त्यामुळे ती उधारी २०२१ पर्यंत गेली आणि त्याने ती विसरली नाही.

त्याच दिवशी त्याने अजून एक गोष्ट समजावली जी मला इंजिनिअर असून कधी सुचली नव्हती. मी सांगत होतो की बनवायला किती खर्च येतो, ज्या चकतीतून चिपा कापतात ते वेफर किती महाग झाले, वगैरे. तो म्हणे हा ५६००एक्स आणि हा ५८००एक्स, यांच्यात आत काय फरक? मी म्हणलं तसं काही नाही, दोन्हीत आठ कोरचा एकच तुकडा असतो, चिपलेट म्हणतात त्याला, सहावाल्यात फक्त दोन कोर बंद केलेले असतात, काही खरंच खराब निघतात आणि काही चांगले असून बंद करतात. मग किमतीत फरक किती? २९९ आणि ४४९. दीडशे डॉलर! "म्हणजे कुलूप लावलेल्या दोन खोल्यांचे दीडशे डॉलर," असं म्हणून तो हसत सुटला, आणि म्हणाला की आमच्याकडे पण असंच असतं, टॉप मॉडेलला जे लागतं ते बनवायला फार नाही लागत, गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतं. तेव्हापासून मी कोणी "उत्पादन खर्च वाढला म्हणून किंमत वाढणार" असं म्हणलं की मान डोलावतो आणि सोडून देतो. खर्चाने तळ ठरतो, त्या खाली विकणार नाहीत एवढंच. वर कुठपर्यंत जायचं ते समोरच्या दुकानावर.

समोरचं दुकान नसलं की काय होतं ते इंटेलने दाखवलंच होतं की. २०११ चा २६००के, चार कोर, ३१७ डॉलर. २०१७ च्या जानेवारीतला ७७००के, चार कोर, ३३९ डॉलर. सहा वर्षं! त्या काळात आमचा खेळ असता तर मिसळ देणारा कोणी सापडलाच नसता, सगळ्यांचा आकडा बरोबर. मग मार्च २०१७ ला रायझन ७ १७०० आला, आठ कोर ३२९ ला, जेव्हा इंटेलच्या आठ कोरवाल्या ६९००के चे हजाराच्या वर डॉलर मोजावे लागत होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलला अचानक आठवलं की अरे आपण सहा कोर पण देऊ शकतो, ८७००के, ३५९. इतकी वर्षं कुठे होते हे कोर कोणास ठाऊक.

पण बरं का, समोरचं दुकान दर वेळी दुसऱ्या कंपनीचंच असतं असं नाही. २०२४ ला मी तिथे फसलो. ९६००एक्सला मी २९९ टाकले कारण ७६००एक्स २९९ होता. आला २७९. ९७००एक्स ३५९, आधीचा ७७००एक्स ३९९ होता. ९९५०एक्स ६४९, आधीचा ६९९. सगळी रांगच खाली. कारण काय तर जुना ७६००एक्स तोवर तिकडे अमेरिकेत दोनशेच्या आसपास आलेला. नवीन जरा फास्ट पण फार नाही, मग शंभर डॉलर जास्त कोण देणार? एएमडीच्या समोर एएमडीचंच दुकान. बिबवेवाडीकराचा प्रश्न पुन्हा बरोबर, जुना माल केवढ्याला पडून आहे. मिसळ मी दिली.

एकदाच तोही चुकला. त्याच वर्षी दिवाळीत, नरक चतुर्दशीला, ३१ ऑक्टोबर, मी अभ्यंगस्नान करून चिरोटे खात बसलो होतो आणि शीटमध्ये गेमिंगवाल्या ९८००एक्स३डी चे चार आकडे होते. माझे ४४९, वारज्याचे ४४९, पिंपरीचे ४२९, त्याचे ४९९. आमचं लॉजिक ५८००एक्स३डी ४४९, ७८००एक्स३डी ४४९, मग हा पण ४४९, झालं. जाहीर झाले ४७९. तसं बघायला गेलं तर त्याचंच जवळ होतं, तो वीसने चुकला आम्ही तीसने, पण चुकला हे आम्ही लिहून ठेवलंय. आठवडाभर आधी, २४ तारखेला, इंटेलची नवीन मालिका आली होती आणि ती गेममध्ये स्वतःच्याच आदल्या पिढीच्या मागे पडत होती. आता समोरचा स्वतःहून शटर ओढून घेतोय म्हणल्यावर तीस डॉलर वाढवले तर नवल काय.

आता आपल्या कामाचं. डॉलरचे आकडे अमेरिकेत, आपल्याला रुपये द्यायचे. नेटवर दर लाँचला एक गलका होतो की भारतात लुटतात, तिकडे एवढ्याला इकडे एवढ्याला. अरे पण तिकडची जाहीर किंमत टॅक्स न धरता असते, तिथे सेल्स टॅक्स राज्याप्रमाणे वेगळा लागतो. आपल्याकडे प्रोसेसरवर कस्टम ड्युटी शून्य आहे पण जीएसटी १८ टक्के, तो छापील किमतीत धरलेला. म्हणून साधा हिशोब, डॉलर गुणिले त्या दिवसाचा रेट गुणिले १.१८. त्यावर आयात करणारा, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार यांचं थोडंफार.

गंमत अशी की २०२४ च्या शेवटी डॉलर साधारण ८४-८५ च्या आसपास होता, आणि ८४.७५ ला १.१८ ने गुणलं की बरोबर १०० येतात. म्हणजे कॅल्क्युलेटर नकोच. डॉलरच्या आकड्यापुढे दोन शून्यं द्या, झाले रुपये, टॅक्स धरून! ४७९ चे ४७,९००. हा शोध मी लावला म्हणून त्या दिवाळीत इतका खूश होतो की हरलो... नाही, त्या वेळी पिंपरीवाला हरला. असो.

पण हे शंभर कायमचे नाहीत तिथे खरं दुखणं आहे. मी ३६०० घेतला तेव्हा डॉलर ७० च्या आतबाहेर, ६९ धरला तर गुणक ८१ च्या आसपास. ३६००एक्सचे २४९ म्हणजे वीस हजार तीनशेच्या आत. पाच वर्षांनी त्याच जागेवरचा ९६००एक्स २७९, म्हणजे २७,९००. डॉलरमध्ये बघाल तर १२ टक्के वाढ, रुपयात ३८ टक्के. कंपनीने वाढवले ते थोडे, बाकीचे आपल्या रुपयाने. आणि डिसेंबर २०२५ ला डॉलर ९० च्या पुढे गेला तेव्हा दोन शून्यांचा नियम पण गेला, त्या रेटने १०६ ने गुणायचं. शीटमधला तो रकाना बदलताना मला उगाच वाईट वाटलं.

एवढं सगळं करून मी घेतलं काय? काही नाही. सहा वर्षं नुसते आकडे टाकतोय. म्हणून २०२६ च्या जानेवारीत ठरवलं की आता घ्यायचाच, आणि एका शनिवारी टिळक रोडला गेलो. नेहमीचे काका काउंटरवर.

"काका, ९७००एक्स काय रेट?"

चष्म्यावरून बघितलं. "घेणारे आहात की विचारणारे?"

"घेणार आहे की."

"सहा वर्षं घेणारच आहात." मग रेट सांगितला, माझ्या हिशोबापेक्षा बराच खाली, कारण चिप जुनी झालेली. मी मनात खूश. लाँचच्या आठवड्यात जे घेतात ते घाईचे पैसे देतात, आपण थांबलो म्हणून वाचले, वगैरे स्वतःची पाठ थोपटून झाली. बी६५० बोर्डाचा रेट पण ठीक. मग म्हणलं ३२ जीबी डीडीआर५ द्या.

काकांनी पेन खाली ठेवलं. "रॅमचं कोटेशन मी लिहून देत नाही सध्या. तोंडी सांगतो, तेही संध्याकाळपर्यंतच." आणि जो आकडा सांगितला तो मी परत विचारला. ज्या किटचा रेट मी आदल्या वर्षी नऊ हजार म्हणून वहीत लिहून ठेवला होता तिची किंमत तिपटीच्या वर. माझ्या मागे एक मुलगा उभा होता, बहुतेक कॉलेजचा, पहिलाच पीसी जमवणारा, त्याने ते ऐकलं आणि काही न विचारता निघून गेला.

कारण सगळ्यांना माहितीये, एआय. डेटा सेंटरवाले मेमरी मिळेल तेवढी उचलताहेत, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन असे मोजके तीन मोठे बनवणारे, ते जिथे जास्त पैसा तिकडे माल देणार. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या आपल्या ब्रँडचा किरकोळ धंदाच बंद करतोय म्हणून सांगून टाकलं. आणि एएम५ ला, म्हणजे ९७००एक्स ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याला, डीडीआर५ च लागते, घरच्या डीडीआर४ च्या काड्या तिथे चालत नाहीत. म्हणजे मी सहा वर्षं ज्या वस्तूच्या किमतीचा अंदाज बांधत होतो ती बिलावर तिसऱ्या ओळीला, आणि जिचा विचारच केला नाही ती पहिल्या.

मग काकांनीच विचारलं, "आत्ताचा काय त्रास देतोय?"

मी गप्प. कारण खरं सांगायचं तर मला माहिती नव्हतं. हळू चालतो एवढंच.

अडीचशेची थर्मल पेस्ट, प्रोसेसर आणि कुलरच्या मध्ये लावतात ती, घेऊन घरी आलो.

बायको दहावीच्या गणिताचे व्हिडिओ करते, तिचा चाळीस मिनिटांचा एक व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला बावीस मिनिटं लागायची आणि फॅनचा असा आवाज की शेजारच्यांना वाटावं मिक्सर लावलाय. रविवारी टेंपरेचर बघितलं तर ९३, ९४. या चिपची मर्यादाच ९५, तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. समोर बिल्डिंगचं काम दोन वर्षं चालू आहे, खिडकी उघडी, कुलरच्या पंखांमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी झालेली.

म्हणलं काढून साफ करू. चारही स्क्रू काढले, कुलर वर ओढला, जरा घट्ट लागला म्हणून जोरात ओढला, आणि कट्ट असा आवाज आला. उलटा करून बघतो तर प्रोसेसर सॉकेटमध्ये नाहीच, कुलरला खाली चिकटलेला! सहा वर्षांची पेस्ट वाळून सिमेंट झालेली. एएम४ चं, म्हणजे माझ्या जुन्या सॉकेटचं, हेच आहे, पिना प्रोसेसरला असतात, आणि लिव्हर लावलेला असला तरी तो असा उपटून येऊ शकतो. नियम असा की आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करायचा, मग कुलर डावीकडे उजवीकडे हलका फिरवायचा, मग उचलायचा. हे मी स्वतः पिंपरीवाल्याला शिकवलेलं आहे.

१३३१ पिना असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून एकेक ओळ बघितली. सगळ्या ओळी गव्हाच्या शेतासारख्या सरळ आणि कोपऱ्याजवळ तीन पिना झोपलेल्या. घरात एकदम शांतता. मुलगी म्हणे, "बाबा, बिघडला?" मी म्हणलं तुझी पेन-पेन्सिल आण, झिरो पॉइंट सेव्हनवाली. शिसं काढून टाकलं, पुढचं ते बारीक नळीसारखं टोक असतं ते पिनेवर अलगद चढवायचं आणि श्वास रोखून एका रेषेत उभी करायची. एकदाच. पुढेमागे करत बसलात तर तुटते. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी थोडी हट्टी होती, ती झाली तेव्हा पाठीला घाम. मग प्रोसेसर सॉकेटवर ठेवला, दाबायचा नसतो, तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. पहिल्यांदा नाही बसला. दुसऱ्यांदा टप्प करून बसला. तो आवाज मला दसऱ्याच्या दिवशी नव्हता ऐकू आला इतका या वेळी आला.

बटण दाबलं, चालू झाला. टेंपरेचर ७४. एक्सपोर्ट अठरा मिनिटांवर. मग सेटिंग बघता बघता लक्षात आलं की एक्सपोर्ट सगळा प्रोसेसरवर चाललाय आणि शेजारी बसलेलं १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ज्यात व्हिडिओसाठी एन्कोडर वेगळा दिलेला असतो, ते बसून मजा बघतंय. तो ऑप्शन बदलला. सहा मिनिटं.

बायको म्हणाली, "मग आता ते साठ-सत्तर हजाराचं काय म्हणत होतास ते?"

तसं एक मधलं आहे. माझ्या बी४५० वर ५७००एक्स चालतो, आठ कोर. एएमडीने २०२० मध्ये आधी सांगितलेलं की ४०० मालिकेच्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही, लोकांनी आरडाओरडा केला आणि त्यांनी शब्द फिरवला, बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून चालतो. रॅम तीच, बोर्ड तोच. पण गेमसाठी म्हणाल तर माझा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा, ६० हर्ट्‌झचा आणि कार्ड १६६० सुपर, तिथे प्रोसेसर बदलून काय दिवे लागणार. आणि तो कुलर परत काढायची माझी आत्ता छाती नाही.

शीट मात्र उघडली. पुढच्या पिढीच्या सहा कोरवाल्याला मी आधी ३२९ टाकले होते, समोर इंटेल दमलेला, रॅमसकट सगळंच महाग, हे पण चढवणार असं धरून. मग बिबवेवाडीकराचा प्रश्न आठवला आणि काकांच्या दुकानातून निघून गेलेला तो मुलगा आठवला. रॅम एवढी महाग असताना नवीन पीसी जमवणारा येणारच नाही, घेणार कोण तर ज्याच्याकडे आधीच एएम५ आहे तो, आणि त्याला गरज नाही, त्याला मोह पाडावा लागेल. ३२९ खोडून २७९ केले. १०६ ने गुणले तर साडेएकोणतीस हजारांच्या वर.

वारजेवाल्याचे २९९, पिंपरीवाल्याचे ३१९. बिबवेवाडीकराचा रकाना रिकामा, तो कायम शेवटच्या रात्री भरतो. कालच मेसेज आलाय त्याचा, रॅमची काडी आत्ता केवढ्याला पडते रे म्हणून.